करडा ग्रह

२ मे १९९२

पोचले एकदाची! धुळ्याहून पारोळ्यापर्यंत उभ्यानेच. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की माहेरी निघालेल्या खानदेशातल्या सगळ्या लेकी एकाच एस.टी.त चढतात की काय कोण जाणे. फाट्यावरून चालत घरी आले आणि अंगणात पाऊल टाकताच थबकले. अंगणाच्या मधोमध तुराट्यांचा कूड! डावीकडे थोरल्या छगनभाऊचं दार, उजवीकडे धाकट्या मगनचं. दिवाळीला हा कूड नव्हता.

माय मगनच्या ओट्यावर बसली होती. या महिन्यात तिचं ताट मगनकडे, पुढच्या महिन्यात भाऊकडे. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तू मधमा पडू नको. बठ्ठं सरी गयं."

काही सरलंबिरलं नाही. दोन सख्खे भाऊ, दोन वर्षं अबोला, आणि कारण काय तर विहिरीच्या पाण्याची पाळी. बाबा गेल्यावर दोघांनी शेत तोंडी वाटून घेतलं. मधला पट्टा तेवढा राहिला, आणि विहीर नेमकी त्यातच. कागदावर तो पट्टा तिघांचा आहे. तिसरं नाव माझं — कुणाच्या लक्षात नसतं. माझ्याही नसतं.

सुट्टी संपायच्या आत हे दोघं एकमेकांशी बोलले पाहिजेत. बोलतीलच! आठवीच्या मुलींना मी गुरुत्वाकर्षण समजावून सांगते, हे दोघे काय मोठे!

३ मे

भाऊशी बोलले. तो उठून गोठ्यात गेला. मगनशी बोलले. तो म्हणाला, "अक्का, तू पाहुनी शे, पाहुनीसारखी ऱ्हाय." लागलं मला. रडले नाही, पण लागलं.

मग पिशवी उघडली. शाळेच्या विज्ञान मंडळासाठी मी एक खेळ रचलाय, त्याची जुनी चादर सोबत आणली होती. निळीत बुडवून काळपट केलेली, वर चुन्याचे तारे. त्यावर चार ग्रह. तांबड्या ग्रहावर खाणी — जहाजं बांधायचं लोखंड तिथेच. निळ्यावर इंधन. पिवळ्यावर धान्य. जहाजं म्हणजे चिंचोके, लोखंड म्हणजे खडे, इंधन म्हणजे सरकी आणि धान्य म्हणजे ज्वारी. कोपऱ्यातला करडा ग्रह ओसाड, तो कुणाचाच नाही. पंच त्याच्यावर मांडी घालून बसतो. पंच म्हणजे मी.

आपल्या ग्रहावरची माणसं पोसायची, समाधानी ठेवायची आणि आभाळभर पसरायचं. एकट्याला ते जमत नाही, खेळाची सगळी गंमत तीच. शाळेत पोरी पहिल्या तासाला भांडतात आणि तिसऱ्याला व्यापार सुरू करतात.

माझे भाऊ पोरींपेक्षा हुशार असतील अशी आशा आहे.

५ मे, आखाजी

बसले! दोघेही बसले!

आखाजीला खेळायला नाही म्हणणारा पुरुष आमच्या गावात अजून जन्माला यायचाय. सकाळपासून लिंबाखाली पत्त्यांचे डाव. मी भाऊला गाठून म्हटलं, मगन म्हणतो तुला नवा खेळ झेपायचा नाही. मगनला म्हटलं, भाऊ म्हणतो तू हरशील म्हणून येणार नाहीस. दोन्ही थापा. आमरस-मांडे हाणून दोघेही तणतणत हजर! चादर मावेना म्हणून मी कुडाच्या तुराट्या उपटल्या.

भाऊने चादरीकडे पाहिलं. "हाई काय शे? आभाय काढं का तू?"

भाऊला तांबडा दिला, मगनला निळा. पिवळ्यावर माय. "मी काय करू?" "काही नको, धान्य विक." "बरं."

आणि मग जे झालं ते! पहिल्याच फेरीत दोघांनी जहाजं एकमेकांवर घातली. एकमेकांशी बोलायचं नाही म्हणून सगळं माझ्यामार्फत.

"अक्का, त्याले सांग, मना ग्रहले हात लावाना नही," मगन.

"त्याले सांग, आठे बांध नही शे. आभायमा बांध ऱ्हास का?" भाऊ.

मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे! दिवे लागेपर्यंत दोघांचे चिंचोके संपले, तांबड्यावर बंड, निळ्यावर बंड. दोघेही ताडकन उठून गेले, आपापल्या दाराने.

६ मे

कोणी फिरकलं नाही.

७ मे

कुठे चुकलं ते सापडलं. चूक मायची!

मी बंडाचा हिशोब पुन्हा मांडत बसले होते. खेळाच्या नियमाने लढाई करणाऱ्याची माणसं दुसऱ्या फेरीला उपाशी राहायला हवीत, म्हणजे त्याला लढाई थांबवून व्यापार करावा लागतो. हे दोघे तर सहा फेऱ्या लढले. धान्य आलं कुठून? मायला विचारलं. ती शांतपणे वाती वळत होती.

"मी दिधं."

"कशाच्या बदल्यात?"

"बदलामा कसाले? छगनना आंगे दाना नही व्हता, त्याले दिधं. मंग मगनले बी दिधं."

"माय! फुकट द्यायचं नसतं! तू देत राहिलीस म्हणून ते लढत राहिले."

तिने वात खाली ठेवली. "लेकरे उपाशी ऱ्हातीन आनि मी दाना दाबी बसू? तुना खेयमा मायनी पोरेस्ले खावाले देवानं नही का? मंग मी नही खेयत."

शाळेत पिवळ्या ग्रहावर अकरावीची एखादी कंजूष पोरगी बसवते मी, मायला बसवायची कधी वेळच आली नव्हती. आणि खरं सांगायचं तर घरातही हेच चाललंय. ती याच्याकडे भाकरी भाजते, त्याच्याकडे भाकरी भाजते, दोघांचं पोट भरतं, अबोला सुखाने चालतो.

पण मायला बदलणं मला जमणार नाही. नियम बदलता येईल.

८ मे

नवा नियम: माय कितीही फुकट देऊ दे. पण धान्य जहाजातूनच जाणार. जहाज बांधायला भाऊचं लोखंड लागणार, हलवायला मगनचं इंधन. दोघांचं जमल्याशिवाय एक दाणा हलायचा नाही. मायला हे पटलं. म्हणाली, "हाई ठीक शे. गाडी लागसच."

दोघांना पुन्हा आणायला मोठ्या वहिनीची मदत झाली. तिने भाऊला सगळ्यांसमोर विचारलं, हरले म्हणून पळाले का? भाऊ चादरीवर येऊन बसला तो थेट.

आणि पुन्हा खोळंबा! सौदा करायचा तर बोलायला हवं. भाऊ माझ्याकडे बघतो, मगन माझ्याकडे बघतो. मी म्हटलं, पंच निरोप नेणार नाही. शपथ! तासभर बसलो तसेच. मायच्या ग्रहावर ज्वारीचा ढीग, आणि दोन्ही पोरं उपाशी. मायचा जीव वरखाली. मी हूं की चूं केलं नाही.

९ मे

सुचलं! पहाटे गोठ्यात बैलांकडे बघताना सुचलं, इतकं साधं की आधी का सुचलं नाही याचाच राग आला.

पारोळ्याच्या बैलबाजारात भाव तोंडाने कोण करतं? रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबायची, सौदा होतो. शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. बाबा त्यात पटाईत होते, आणि दोघांनाही त्यांनीच शिकवलंय. तोंड उघडायचं कामच नाही!

बाबांचं उपरणं ट्रंकेतून काढलं. चादरीवर, तांबड्या आणि निळ्या ग्रहाच्या मधे धरलं. "तुमचा अबोला तोंडाचा आहे. हाताचा नाही."

मगन हसला, पण त्याचा हात पुढे येईना. भाऊने आधी हात घातला. डोळे भलतीकडे, लिंबाच्या शेंड्याकडे. मग मगनने. उपरणं हललं. दोन बोटं, तीन बोटं, पूर्ण हात... थांबलं. पुन्हा हललं. मायने पदर तोंडाला लावला. दोन वर्षांनी हात हातात गेला होता, सौद्यासाठी का होईना. मला रडू आलं, ते मी खोकून लपवलं.

भाऊने मूठभर खडे निळ्याकडे सरकवले. मगनने सरकी मोजली. पहिलं जहाज ज्वारी घेऊन निघालं.

१२ मे

आभाळाची भरभराट चालू आहे! दोन नव्या चंद्रांवर वस्ती, बंड कुठेच नाही. बोलणं अजूनही नाही. पण संध्याकाळी न बोलावता दोघे येतात.

१४ मे

गाडं अडलं. भाऊ लोखंड दाबून बसलाय, मगन इंधन. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याकडे जास्त होतंय. सौदे होतात ते चिमूटचिमूट. असं चाललं तर सुट्टी संपेल आणि मी उपरणं धरूनच धुळ्याला जाईन.

शाळेत अशा वेळी मी बाहेरचा शत्रू आणते. उद्या आणणार. पितळी तांब्या म्हणजे लुटारूंचं मोठं जहाज. दर फेरीला एक वीत पुढे येणार, ज्याच्याकडे साठा जास्त त्यालाच आधी लुटणार. एकट्याला तो हरवता येत नाही. दोघांची सगळी जहाजं एका बाजूला आली तरच!

१५ मे

आजचं सगळं आजच लिहून ठेवते.

तांब्या माझ्या करड्या ग्रहावरून निघाला — दुसरीकडून कुठून काढणार, तोच एक कोपरा मोकळा. पहिल्या वितीला दोघे हसले. पुढच्या फेरीत भाऊचा अर्धा साठा गेला. मग मगनचे दोन चंद्र. उपरण्याखाली हात घालायलाही वेळ नव्हता, कारण पुढची वीत मायच्या ग्रहावर पडणार होती. माय खरोखर घाबरली, ज्वारी पदरात गोळा करायला लागली!

आणि भाऊ ओरडला, "मगन! तू तिकडतून ये!"

"उनू भाऊ! उनू!"

झालं! बोलले! दोन वर्षांनी, आमच्या अंगणात, एका तांब्याच्या भीतीने! सगळे चिंचोके एकदम तांब्यावर. मगनने तांब्या उचलून असा आडवा केला की पाणीच सांडलं चादरीवर. दोघे हसतायत, आणि माय रडतेय. मी पण रडले, खोकण्याचं नाटक न करता.

१६ मे

रात्री दोघे एका पंगतीला जेवले. मायने दोघांना वाढलं आणि स्वतः दोघांच्या मधे बसली. आज सकाळी उरलेला कूड मगनने उपटला आणि दोघी वहिनींनी तो चुलीत घातला.

पुष्पा — मगनची बायको — म्हणाली, "अक्का, तुमनामुये व्हयनं हाई." मी म्हटलं, खेळामुळे. पण बरं वाटलं. खूप बरं वाटलं, खोटं कशाला लिहू!

१८ मे

खेळ अजून चालू आहे. गंमत म्हणजे आता बोलतात, तरी उपरणं हवंच! काल संध्याकाळी दोघांचे हात किती वेळ खाली होते. बोटं चाललीयेत, माना डोलतायत, आणि चादरीवर ना खडा हलला ना सरकी. मी चिडवलं, "सौदा आहे की हातात हात घेऊन बसायचं निमित्त?" दोघेही हसले. भाऊ जरा जास्तच हसला.

आज सकाळी दोघे मिळून पारोळ्याला गेले होते. एका मोटारसायकलवर! मी फाट्यापर्यंत बघत राहिले. परवा मी धुळ्याला निघते. आता निघायला हरकत नाही.

१९ मे

पारोळ्याहून त्यांनी कागद करून आणलाय. हक्कसोडीचा. मधल्या पट्ट्यावरचं माझं नाव निघालं की पट्टा दोघांत अर्धा-अर्धा, विहीर दोघांची, भांडण खलास. उपरण्याखाली इतका वेळ तेच ठरत होतं.

"सुगंधा, तुले नोकरी शे. जमीन कसाले ठेवस? एक सही कर, बठ्ठं गोड व्हई जाई," भाऊ म्हणाला. आणि मगन, अगदी प्रेमाने: "तूच त आमले एक करं ना, अक्का."

तांब्याचे लुटारूही माझ्याच कोपऱ्यातून निघाले होते.

सही केली नाही. उद्याची एस.टी. पण सोडली. संध्याकाळी चादर अंथरली, दोघांना बोलावलं आणि सांगितलं — आजपासून पंच कोणी नाही. करडा ग्रह माझा. सौदा करायचा तर उपरण्याखाली तिसरा हात येईल.

दोघे उभेच राहिले. मायने तेवढी मूठभर ज्वारी उचलली आणि, कुणाला न विचारता, माझ्यापुढे ठेवली.