आबांची पुस्तकं आणि आईची कसर

वरणगाव,
बुद्ध पौर्णिमेनंतरचा रविवार

ती. कलाअक्कास,

धाकट्या गुलाबचा सविनय जय भीम. दाजींनाही सांग. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि दाजींनी रात्रीचा भात खरंच सोडला की फक्त तुझ्यासमोर सोडला, ते कळव. इकडं आम्ही सगळे ठीक. ऊन असं पडलंय की नळाच्या पाण्यात पत्ती टाकली तर चहा होईल. आईची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. आमची समीक्षा पुण्याला बरी आहे, अभ्यास करते असं तीच सांगते.

आता गेल्या महिनाभरात घरात काय झालं ते ऐक. सुरुवात माझ्याच तोंडानं झाली. विहारात अभ्यासिका काढायची म्हणून बैठक होती. कुणी पंखा कबूल केला, कुणी सतरंज्या. माझी पाळी आल्यावर मी उभा राहून बोलून गेलो, की आमच्या आबांची सगळी पुस्तकं मी देतो, बुद्ध पौर्णिमेला कपाटासकट आणून ठेवतो. टाळ्या पडल्या. (टाळ्या ऐकल्या की मी आणखी काहीतरी कबूल करतो हे ठाऊक असल्यामुळे सवितानं मागून सदरा ओढून मला खाली बसवलं.) पण बोललो ते मनापासून बोललो, अक्का. आबा दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि येताना पुस्तकांचं गाठोडं गाडीत उशाला घेऊन झोपायचे, ते तूही पाहिलंयस. ती पुस्तकं आपल्यानंतर रद्दीवाल्याकडं जाऊ नयेत एवढीच इच्छा होती.

घरी येऊन कपाट उघडलं, पहिलं पुस्तक काढलं, तर पानांतून एक चंदेरी वस्तू सळकन निघाली आणि माझ्या बाहीत शिरली. पुढं जो नाच झाला त्याचं वर्णन करत नाही. सदरा काढून झटकला तेव्हा कळलं, कसर! मागं तीन शेपट्या आणि अंगावर अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या भांड्यासारखी चकाकी. पुस्तकं उघडून बघतो तर कुठं कोपरे गेलेले, कुठं मधल्या ओळींची चाळण झालेली, आणि बांधणीची खळ सगळी फस्त. पुस्तक उचलावं तर पुठ्ठा हातात आणि पानं पायावर. मी जमिनीवर बसूनच राहिलो. आबा असते तर नुसता चष्मा पुसत बसले असते, आणि तेच जास्त लागलं असतं.

मी फवारायचं औषध आणलं. पण आई दारात उभी! रोज सकाळी आम्ही त्रिशरण-पंचशील म्हणतो, त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं. म्हणाली, "सकायले हात जोडीसन म्हनस, आनि दुपारले दवा फवारस? तो बी जीव शे." मी म्हटलं, आई, तू रोज संध्याकाळी ती विजेची बॅट घेऊन डास मारतेस, तेव्हा? (आणि नेम असा की एकही वार फुकट जात नाही.) तर म्हणते, "डास चावस. कसर तुले चावनी का?" यावर उत्तर तुला सुचलं तर कळव. थोडक्यात, कसर घालवायची, पण मारायची नाही, असा हुकूम निघाला.

मग अहिंसक उपाय. डांबरगोळ्या ठेवल्या, त्या वासानं आईचं डोकं चढलं. लवंगा ठेवल्या, तर सवितानं मसाला वाटताना त्या एकेक करून परत नेल्या. शेवटी समीक्षानं फोनवरून युक्ती सांगितली. काचेच्या बरणीला बाहेरून कागदी टेप गुंडाळायची आणि आत भाकरीचा तुकडा टाकायचा. टेपवरून कसर चढते, आत पडते, गुळगुळीत काचेवरून वर येऊ शकत नाही. आणि खरंच, सकाळी बरणीत चांगली सभा भरलेली! आईनं चष्मा लावून पाहिलं आणि सांगितलं, दूर नेऊन सोड, पण सावलीत सोड.

मी स्कूटरला बरणी अडकवून निघालो. नाक्यावर समोरच्या घरातले नवलभाऊ भेटले. (आयुध निर्माणीतून रिटायर झालेले. आयुष्यात पेपरातल्या राशिभविष्याखेरीज काही वाचल्याचं ऐकिवात नाही.) बरणी बघून म्हणाले, "लोणचं कुठं चाललं?" मी खरं ते सांगितलं. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुलाबभाऊ, दुपारचं डोक्याला रुमाल बांधून निघत जा." तेव्हापासून त्यांच्या कामिनीवहिनी सविताला रोज विचारायच्या, भाऊंना झोप लागते ना?

बरण्यांवर बरण्या रिकाम्या केल्या, पण कपाटातली कसर कमी होईना. एका दुपारी सवितानं कपाट पुढं ओढलं, भिंतीला हात लावला आणि ओला तळवा माझ्यापुढं धरला. भिंत ओलीचिंब. पलीकडच्या खिडकीत माझा कूलर. दीपनगरच्या वीजकेंद्रात एवढी वर्षं टर्बाइनवर काढली त्या अनुभवावर मी स्वतः पत्रा कापून तो बनवलेला, सगळ्या आळीत सर्वांत गार हवेचा. पण टाकी झिरपत होती. "कसरीला ओल लागते," सविता म्हणाली. "तुम्ही तिला रोज पाणी पाजताय." मी टाकीला सील लावून बघतो म्हणालो, पण आईनं स्वतः उठून बटण बंद केलं. मे महिन्यात, अक्का! आपल्या इकडच्या मे महिन्यात!

मग सगळी पुस्तकं गच्चीवर, पापडांच्या शेजारी उघडून ठेवली. कसरीला उजेड सोसत नाही, ती आपल्या पायांनी निघून जाते, म्हणून आईही खूश. तेवढ्यात वावटळ आली. खळ खाल्लेली ती पानं, त्यांना धरून काय ठेवणार? आबांचं सगळं कपाट डोळ्यांदेखत आकाशात गेलं, मागून उडदाचे पापड. मी ओरडलो, सविता धावली, आई हात वर करून पानं पकडत होती. वारा पडला तेव्हा माझ्या हातात तीन पुठ्ठे होते. खाली येऊन पायरीवर बसलो. विहारात काय तोंड दाखवायचं?

थोड्या वेळानं फाटक वाजलं. नवलभाऊ. हातात बारा-पंधरा पानं, चष्मा नाकावर, डोळे पानावर. म्हणाले, "तो मास्तर गाव सोडून जायला निघतो, तिथं पान संपलं. पुढचं कुठाय?" मी म्हटलं, कुणाला ठाऊक, कुणाच्या तरी छपरावर असेल. तर ते पुढचं पान शोधायलाच निघाले! कामिनीवहिनी पदरात पानं घेऊन आल्या, पापड वेगळे. मग आख्खी आळी. जो तो आणलेलं पान आधी वाचायचा आणि मग माझ्या हातात द्यायचा, दोघा-तिघांनी तर वाचून होईपर्यंत दिलंच नाही.

बैठकीच्या खोलीत, बिनकूलरचे, घामानं निथळत आम्ही पानं लावत बसलो. कामिनीवहिनींनी मैद्याची खळ शिजवली. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, तसं मी घातलं. आईनं लगेच विचारलं, यानं कसर मरते का? मी म्हटलं, खाल्लं तर मरते. आईनं निकाल दिला, "मंग तिनी खावानं नही."

पौर्णिमेला पुस्तकं विहारात पोचली. काही पानं अजून सापडलेली नाहीत. कपाट लावून झाल्यावर पहिलं पुस्तक नवलभाऊंनीच घरी नेलं, मास्तर गाव सोडून गेला की राहिला ते बघायला. आई पुढच्या सतरंजीवर बसली होती. आबांचं नाव घेतलं तेव्हा तिनं मान खाली घातली, आणि मी छताच्या पंख्याकडं बघत राहिलो. तर अशी कसर गेली.

सर्वांना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
गुलाब

ता. क. कसर गेली हे पुस्तकांपुरतं. उरलेली सगळी आता आईच्या लुगड्यांच्या लोखंडी पेटीत गेली आहे, आणि आई पेटीला हात लावू देत नाही. तेव्हा काहीही निमित्त काढून आईला पंधरा दिवस धुळ्याला बोलावून घे. हे फोनवर सांगता येत नाही, कारण आई फोन स्पीकरवर ठेवायला लावते. पत्र तिला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा (सविताकडून). अक्का, जय भीम. पाकीट चिकटवायच्या आधी आईंनी हे पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. राग मुळीच आलेला नाही, उलट यायला तयार आहेत. शनिवारी सकाळच्या एसटीनं निघतील. पेटी घेऊन.