फोरबर्गला सात जण

हूफडॉर्प,
१२ जानेवारी २०२२

ती. लतिकामावशीस,
संपदाचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा तिसरा डोस झाला. माझं कॉलेज पुन्हा ऑनलाइन गेलंय, त्यामुळे दिवसभर पायात लोकरीचे मोजे आणि समोर लॅपटॉप. यंदा थंडी आहे, पण बर्फ नाही.

हातात पत्र बघून तू चक्रावली असशील. फोनवर तू लगेच विचारतेस, आवाज असा का गं, आणि मी सर्दी झालीय म्हणते. अकरा महिने मला सर्दीच आहे. म्हणून लिहितेय. पाचवीत पुणं सुटलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसतील, त्या काढत बसू नकोस. आधी सगळं वाच.

मी पहिल्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजातल्या वीस जणांची वॉशिंग्टनची सहल ठरली होती. अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी बघायला. तू अख्ख्या सोसायटीत सांगून आलीस, जसं काही त्या माणसानं मलाच घरी बोलावणं धाडलं होतं. आईनं कोट आणला, दोन साइज मोठा, आत दोन स्वेटर मावावेत म्हणून. मग कोविड आला, सहल रद्द झाली आणि कोट लेबलसकट कपाटात राहिला.

तुला इथपर्यंत माहीत आहे.

माझ्या वर्गात कीर्ती नावाची मुलगी आहे. तिचं घर फोरबर्गला, आमच्याकडून ट्रेननं पाऊण तास. तिचे आईवडील तेव्हा नागपूरला अडकले होते, घर रिकामं. ती म्हणाली, वॉशिंग्टन नाही तर नाही, माझ्या हॉलमध्ये बघू. गेल्या वर्षी वीस जानेवारीला, बुधवारी, मी गेले. तेव्हा घरी एक-दोघांहून जास्त पाहुणे बोलवायला बंदी होती. आईला सांगितलं, कीर्ती एकटी आहे, दोघी मिळून बघतो. आईला फारसं पटलं नव्हतं, पण तिनं दोघींपुरता डबा दिला. चार बटाटेवडे. आम्ही सात जण होतो. सुरीनं तुकडे करून वाटून खाल्ले.

इथे संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा तिकडे शपथ सुरू झाली. आम्ही सगळे चांगलेचुंगले कपडे घालून, गंमत म्हणून, उजवा हात वर करून उभे राहिलो. मास्क कुणालाच नव्हता. मी तो नवा कोट घालून गेले होते. खोटं कशाला सांगू, खूप मजा आली. दहा महिन्यांत पहिल्यांदा मी इतक्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते.

तेवढ्यात आईचा फोन आला. मी बाथरूममध्ये जाऊन घेतला. मागे आरडाओरडा ऐकून तिनं विचारलं, किती जण आहात गं? मी म्हटलं, दोघीच, टीव्हीचा आवाज आहे. खरंच ना? मी म्हटलं, आईशप्पथ.

हा शब्द माझ्या तोंडी किती असतो, तुला ठाऊक आहे. लहानपणी तू माझ्याकडून ‘शप्पथ सुटली’ असं तीनदा म्हणवून घ्यायचीस. त्या दिवशी मी म्हटलं नाही, लक्षातही आलं नाही. शपथेनं आई गेली असं मी मानत नाही. कोविडनं गेली. पण तो घरी मी आणला, मावशी. बाबांनी नाही.

शुक्रवारी कीर्तीचा मेसेज आला की ती पॉझिटिव्ह आहे. मी तो वाचला आणि कुणालाही सांगितला नाही. सांगितलं असतं तर आम्ही सात जण होतो हे बाहेर आलं असतं. शनिवारी माझं डोकं ठणकायला लागलं. आई तेलाची वाटी घेऊन वर आली, माझ्या पलंगावर बसली आणि अर्धा तास डोकं चोळत राहिली. मी तिला ‘जवळ येऊ नकोस’ म्हणाले नाही. मला बरं वाटत होतं म्हणून डोळे मिटून पडून राहिले. फोरबर्गला जाणं हा मूर्खपणा होता. हा अर्धा तास मात्र मला कशातच बसवता येत नाही.

सोमवारी तिघांनी टेस्ट केली. मी पॉझिटिव्ह, आई पॉझिटिव्ह. बाबा निगेटिव्ह. पाच दिवसांनी पुन्हा केली, तेव्हाही निगेटिव्ह. बाबांना कोविड झालाच नाही. हे त्यांनी तुला कधी सांगितलं नाही.

मग आरोग्य खात्यातल्या बाईंचा फोन आला, कुठे कुठे गेला होतात विचारायला. मी डचमध्ये सगळं खरं सांगितलं. परक्या बाईला खरं सांगणं सोपं गेलं. किती जण होतात? ‘झेव्हन,’ मी म्हणाले. सात. बाबा काढा घेऊन दारात उभे होते. पेला खाली ठेवून निघून गेले. आई भिंतीपलीकडच्या खोलीत होती. तिचं डच तुला माहीत आहे, दुकानापुरतं. पण पाळणाघरातल्या नोकरीमुळे आकडे पक्के होते. रोज फाटकातून आत येताना आणि बाहेर जाताना ती मुलं मोजायची. तिनं ऐकलं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. मला ती काही बोलली नाही.

एकतीस तारखेला तिला नेलं. नंतरच्या आठवड्यात इथे कधी नव्हे तो बर्फ पडला, कालवे गोठले. हॉस्पिटलमधून यायच्या फोनची वाट बघत मी खिडकीत बसायचे आणि समोर अख्खं गाव स्केटिंग करत असायचं. बारा फेब्रुवारीला फोन आला. तेव्हाही ते लोक स्केटिंग करत होते. मी किती वेळ बघत राहिले, कुणास ठाऊक. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. जेवते, परीक्षा देते, पासही होते.

तेराव्याच्या दिवशी तू बाबांना फोन केलास. तुझा राग मला कळतो. डिसेंबरमध्ये तू त्यांना बजावलं होतंस, आठवड्यातून दोनदा ऑफिसला जाता ते बंद करा, सुट्टी टाका. त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. फोन स्पीकरवर होता आणि मी जिन्यात उभी होते. तू म्हणालीस, ‘हरीशराव, पोरीची शपथ घेऊन सांगा, तुम्ही आणला नाहीत.’

बाबा गप्प बसले. ते हवी तर शंभर वेळा शपथ घेऊ शकले असते. खरीच असती ती. तू फोन ठेवलास आणि पुन्हा कधी त्यांच्याशी बोलली नाहीस. मला फक्त तीन पायऱ्या उतरायच्या होत्या. मी उतरले नाही. गेलं वर्षभर रोज तो जिना चढते-उतरते.

आता का सांगतेय ते ऐक. आईच्या वर्षश्राद्धासाठी बाबा पुण्याला येतायत, तिच्या अस्थी घेऊन. आता नियम आहे, परदेशातून आलं की सात दिवस घरीच राहायचं, आणि कुणाच्या घरी ते फॉर्मवर लिहायचं. परवा बाबा तो फॉर्म घेऊन बसले होते. आजवर अशा रकान्यात आम्ही तुझाच पत्ता लिहीत आलो. त्यांनी सगळे रकाने भरले आणि तेवढा एक रिकामा ठेवला. म्हणाले, बघतो एखादं हॉटेल.

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, बाबा, तुम्ही मावशीसमोर शपथ का घेतली नाहीत?

त्यांनी चष्मा काढला. ‘मी आणला नाही म्हटलं असतं, तर तिनं विचारलं असतं, मग कोणी? तुझ्या आईनं ॲम्ब्युलन्समध्ये चढताना मला एवढंच सांगितलं होतं, ताईला काही कळू देऊ नका, पोरगी पुन्हा उभी राहणार नाही.’

म्हणजे आईनं ऐकलं होतं.

तिची ती इच्छा मी आज मोडतेय. तू माझ्यावर चिडलीस, पुन्हा बोलली नाहीस, तरी ते माझं मी बघेन. पण बाबांनी बायकोही गमावली आणि तुझं दारही, आणि अकरा महिने मी त्यांच्यासमोर बसून दोन्ही वेळा जेवत होते.

मी येत नाहीये. सबमिशन आहे असं बाबांना सांगितलंय. खरं कारण हे की मी आले तर तू दारातच मला जवळ घेशील, आणि मग मला हे कधीच सांगता येणार नाही.

बाबा चार फेब्रुवारीला दुपारपर्यंत पुण्यात पोचतील. हॉटेल शोधू नका, तिथल्या घराचं मी बघते असं मी त्यांना सांगितलंय, आणि त्या रकान्यात तुझा पत्ता लिहिलाय. तुला न विचारता. त्यांना वाटतंय की मी तुझी परवानगी घेतलीय.

त्यांना घरात घे, मावशी. मला नाही घेतलंस तरी चालेल.

शैलाची मुलगी,
संपदा