वीस किलोचा ताण

प्रिय बाबा,

कोपर बरं आहे. खरंच बरं आहे. हे पत्र उजव्याच हाताने लिहितेय, अक्षर बघ. इथे कझानला डॉक्टर इन्ना मात्वेयेव्हना आठ महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. मग लगेच बोट रोखून म्हणाल्या, "अग्निया, कोपराचा स्नायुबंध पुन्हा फाटला तर टेनिस विसर!"

मी कसली विसरतेय! सकाळी पोहते, दुपारी रबरी पट्टा ओढते, मग भिंतीवर दोनशे चेंडू. शिकायला येणाऱ्या चिमुरड्या मुली "काकू, सावकाश!" म्हणून चिडवतात. क्रमवारीत मी सातशेच्याही खाली गेलेय. जाऊ दे, पुन्हा चढेन.

सारातोवला कारखान्यातल्या भंगारातून तू रॅकेटला तारा ताणून बसवायचं, गटिंगचं यंत्र केलंस, तेव्हा मी सात वर्षांची होते. तार ओढायचास, बोटाने छेडायचास, कान लावायचास. सव्वीस किलोचा ताण, ना कमी ना जास्त. कोपर दुखायला लागलं आणि तिथल्या डॉक्टरांनी ताण कमी करायला सांगितला, तर केवढा उखडलास! "सैल तारा? ती काय म्हाताऱ्याची खाट आहे?" तुझ्यापुढे तोंड उघडायची माझी काय टाप!

आता हातातला चहा खाली ठेव आणि वाच. पेन्झाची स्पर्धा ज्या रॅकेटने जिंकले ती तू येईल त्याला दाखवतोस ना? तिचं गटिंग तुझं नव्हतं. आदल्या दिवशी मी तुझ्या तारा कापल्या आणि तिथल्या एकाकडून वीस किलोवर करून घेतलं. दुखायचं थांबलं, मी जिंकले. तू फोनवर रडलास, "माझ्या तारा, माझी पोर!" म्हणालास. मला खरं सांगवेना. पुढच्या चारही स्पर्धांना तू हौसेने सोबत आलास आणि तुझ्यादेखत मी तुझ्या सव्वीसवर खेळले. चौथ्या स्पर्धेत कोपर गेलं. दोष तुझा नाही बाबा, गप्प मी बसले.

चौदा तारखेला त्यूमेनला पात्रता फेरी आहे आणि मी खेळणार आहे. सोबत तारा नसलेल्या तीन रिकाम्या रॅकेटी पाठवतेय. वीसवर करून दे. गटिंग करणारे इथेही आहेत, पण मला तुझ्या हातचं हवंय. हात धजावला नाही, तर रिकाम्याच परत पाठव. मी तरीही खेळेन. फक्त सव्वीसवर करून वीस म्हणून सांगू नकोस. एका घरात एक खोटारडी पुरे.

तुझीच हट्टी,
अग्नुशा