तिच्या अक्षरातली माय

माय, देऊळघाटच्या स्वयंपाकघरात तू ज्वारी पाखडते आहेस आणि शेजारच्या बागवानाची मुलगी, माझ्याच वयाची, चुलीशी बसून तुझं बोलणं कागदावर उतरवते आहे. पत्र मला आहे, आणि मी दारातच उभी आहे, कॉन्व्हेंटला सुट्टी एक दिवस आधी लागली म्हणून. मला पाहून तू हसलीस, पण आधी वाक्य पुरं केलंस. "लिही, तुह्याबिगर करमत नाही." हे तू तिच्याकडे बघून म्हणालीस. तुला लिहिता येत नव्हतं. त्यामुळे तुझा प्रत्येक शब्द आधी तिच्या कानात पडायचा आणि मग तिच्या टपोऱ्या अक्षरात माझ्या वसतिगृहात यायचा. मी वर्गात पहिली यायचे, तुझ्याजवळ मात्र ती बसलेली असायची. मुसलमानाची म्हणून मी तिचा कधी राग केला नाही. ती तुझी होती, म्हणून केला.

तू गेल्यावरची पहिली अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आठवते. महाराष्ट्र नुकताच झाला होता. तुझ्या नावाची घागर भरायला आम्ही सगळी भावंडं जमलो होतो. धाकटा बुलढाण्याच्या कुठल्याशा सभांना जाऊ लागला होता आणि ताटावर बसला तरी एकच बोलायचा, की या मुसलमानांना गावातून घालवलं पाहिजे. दुपारी ती आली, खरबूज घेऊन. घागरीवर ठेवायचं खरबूज दरसाल तिच्या बापाच्या नदीतल्या वाडीतूनच यायचं.

"बडी मायच्या घागरीवर ठेवाले आणलं, बाई."

धाकटा पाटावरून उठला. "मुसलमानाचं फळ आमच्या पितराले चालत नाही."

"काऊन बे? मागच्या साली तं दोन फोडी जास्त मागून राह्यला होता!" ती हसत म्हणाली.

कुणी हसलं नाही. "बाई, तू मोठी, तूच सांग इले," तो मला म्हणाला. "हे आत आली तं मी या घरात पाय ठेवत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नुसतं "ये" म्हटलं असतं तर ती आत आली असती. धाकटा रुसला असता आणि भूक लागल्यावर परतला असता. मी घागरीला दोरा गुंडाळत राहिले. ती जरा थांबली, उंबऱ्यावर खरबूज ठेवलं आणि गेली, ती पुन्हा आली नाही. बाईनं घर फुटू दिलं नाही, असं सगळे अजून म्हणतात. खरं हे की त्या दिवशी तुझ्यापाशी ती नव्हती आणि मी होते, आणि ते मला गोड लागलं.

हे पत्र टपालात जाणार नाही. माझ्यामागे तुझा पूजेचा तांब्या धाकट्याला द्यावा. घागर अजून तोच भरतो. पाटल्या माझ्या सुनेला. तुझ्या पत्रांचा डबा, हे पत्रही त्यात ठेवून, बागवानाच्या मुलीला; ती नसली तर तिच्या लेकीला. उंबऱ्यावर देऊ नये. आत बोलवावं, बसवावं, मग द्यावा.

त्यातलं एक पत्र मी काढून घेतलं आहे. त्याच्या तळाशी तिनं बारीक लिहिलंय, "बडी माय दर रविवारी तुझी उशी उन्हात टाकते. हे तिनं सांगितलं नाही, मीच लिहिते." तेवढं मला अजून देववत नाही.