आधी हात कुठं लावला ते सांगा

आण्णा,

शिनोलीच्या गुरुजींची डिस्क काल फिरली. हो, तीच. तुम्ही दवाखान्यात पडल्या पडल्या मला विचारलं होतंत, "पोरी, त्या डिस्कचं नेमकं काय झालं असंल गं? डोक्यातनं जात न्हाई." नाकात नळी, हाताला सुई, घरची सगळी माणसं तोंडं पाडून बसलेली आणि सासरेबुवांना चिंता कसली, तर दुसऱ्याच्या मेलेल्या कॉम्प्युटरची. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, "आवरा आता!" मी तुमची चादर सरळ केली आणि म्हणाले, "काय माहीत, आण्णा." मला माहीत होतं. त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली, आणि तुम्हाला उत्तर न देता पाठवलं ही गोष्ट मला आजही खाते. म्हणून हे लिहायला बसलेय.

लग्न होऊन मी वारूळवाडीला आले तेव्हा मला वाटलं होतं, सासऱ्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान म्हणजे काळी बोटं, तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वार्निशचा वास. तो वास तर भाकरीलाही यायचा. पण साठी ओलांडलेला हा माणूस दर रविवारी दुपारी विहिरींच्या मोटारी कोपऱ्यात सारतो, टेबल पुसतो आणि कॉम्प्युटर उघडून बसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आळेफाट्याच्या गॅरेजमधले वायरिंगवाले यायचे, नारायणगावचे फोटो स्टुडिओवाले यायचे, शिनोलीहून गुरुजी यायचे. आपापला कॉम्प्युटरचा डबा टोमॅटोच्या क्रेटमध्ये, खाली जुनं गोणपाट घालून, मोटारसायकलला बांधून आणायचे. एकाला रॅम बसवायची असायची, एकाचा पंखा घरघरायचा, एकाचं मशीन दर दहा मिनिटांनी आपणहून बंद पडायचं. मग चौघंही त्या उघड्या डब्यात डोकी घालायचे. मी मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, त्यामुळे माझा समज असा की मला सगळं येतं. पहिल्याच रविवारी चहा घेऊन आले आणि ट्रे हातात धरूनच सांगून मोकळी झाले, "याची रॅम खराब झालीय." तुम्ही वरही न बघता म्हणालात, "तपासली का? न्हाई ना? मग खराब म्हनायचं न्हाई. 'मला माहीत न्हाई' म्हन." सगळ्यांसमोर! दोन दिवस मी तुमच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन पिवळ्या मुठीचा टेस्टर पोळपाटाशेजारी ठेवलात. "तुझ्यासाठी हाय. पन आपला हात कुठं लागतोय ते ध्यानात ठेवायचं," एवढं बोलून गेलात. पोळपाटावर अर्धवट लाटलेली चपाती, हाताला पीठ. माहेरून आलेल्या दागिन्यांचं झालं नव्हतं तेवढं कौतुक मला त्या टेस्टरचं झालं.

तुमच्या अड्ड्याचा नियम एकच होता आणि तो कडक होता. मशीन काय करतंय ते नंतर. आधी हात कुठं लावला ते सांगा. आलेल्या माणसाने पहिल्यांदा आपला गाढवपणा सांगायचा, मग तक्रार. आळेफाट्याचे वायरिंगवाले भाऊ इतके मोठे मिशाळ गृहस्थ, पण क्रेट खाली ठेवायच्या आधी कबूल करायचे, "आण्णा, रॅम उलटी दाबली राव. लई जोर लावला." स्टुडिओवाल्यांनी एकदा पंख्यात खोबरेल तेल घातलं होतं. तेही त्यांनी सांगितलं, आणि तुम्ही हसता हसता ठसका लागून बाहेर गेलात. कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत. आधी मला तो खेळ वाटायचा. मग कळायला लागलं की निम्मे बिघाड त्या पहिल्या वाक्यातच सापडतात.

आता तो रविवार. गुरुजींचं मशीन धुळीनं भरून सारखं अडकत होतं, म्हणून ते घेऊन आलेत. आल्या आल्या नियमाप्रमाणे सांगतात, "घोडेगावच्या अलीकडं खड्ड्यात गाडी आपटली, आण्णा. क्रेट उडाला. माजंच चुकलं, दोरी ढिली बांदली व्हती." तुम्ही लावून बघता, मशीन चालू होतं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मला म्हणता, "पोरी, ब्लोअर मारून धूळ काढ, तंवर आमी चहा घेतो." तुम्ही सगळे पुढच्या अंगणात जाता. मी धूळ काढते, फडक्याने पुसते, मागच्या बाजूला व्होल्टेजचा एक लाल स्विच दिसतो. आणि मी मशीन चालू केल्यावर फट्ट असा आवाज होतो. जळका वास येतो. मी वायर उपटली, आण्णा, स्विच होता तिथे परत नेला, ब्लोअर चालू करून सगळी हवा खिडकीकडे मारली. त्या दिवशी दोन मोटारी वार्निश मारून वाळायला ठेवल्या होत्या, त्या वासानं मला वाचवलं. तुम्ही आत आलात आणि दारातच थांबलात. चाळीस वर्षं जळकी वाइंडिंग हुंगलेलं नाक तुमचं. "काय जळालं का गं?" मी म्हणाले, "नाही. मी फक्त धूळ काढली."

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, म्हणजे नाकावर नाही ठेवलात. मशीनला वीज देणारा आतला सप्लाय मेलेला निघाला. दुसरा लावला, मशीन उठलं, पण डिस्क काही फिरेना. गुरुजी टेबलाला धरून उभे होते. त्या डिस्कमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या आईला डोंगरातल्या भातांची सगळी वाणं ठाऊक होती, कुठलं कुठल्या खाचरात लावायचं, कुठल्याची पेज चांगली, कुठलं बाळंतिणीला द्यायचं. ती सांगायची आणि गुरुजी शाळा सुटल्यावर टाइप करायचे, दोन वर्षं. कागदावर काहीच नव्हतं, कारण तुम्हीच त्यांना म्हणाला होतात, "गुरुजी, कागद उंदीर खात्यात, सरळ मशीनमदी लिवा." आणि आई तर त्याच थंडीत अंथरुणाला खिळलेली, बोलणं बंद झालेलं. गुरुजी एवढंच म्हणाले, "खड्ड्यातच दुखावली असनार, मगाशी चालली तरी. माजीच चूक." तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तो सल्ला तुमचा होता ना! त्यानंतर गुरुजी हळूहळू यायचे बंद झाले, आणि मी मूग गिळून बसले. तुम्ही मात्र अधूनमधून जेवताना थांबून म्हणायचात, "वास तर आला व्हता."

आता तुम्हाला गंमत सांगते. अड्डा मेला नाही, मोबाइलवर गेला. आमचा ग्रुप आहे, "रविवारचे डबे" नावाचा. जुन्नर, आंबेगाव, दोन्हीकडची मिळून पन्नासेक माणसं. निम्म्यांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही, पण नवीन कुणी "माझा पीसी चालू होत नाही" असं लिहिलं की दहा जण एकदम विचारतात, "आधी हात कुठं लावला?" मला ते वाचून हसू येतं आणि लगेच कसंतरीही होतं. दुकानात मी अजून रिवाइंडिंग बघते, माणूस ठेवलाय, आणि रविवारी तुमच्याच टेबलावर बसते. गेल्या आठवड्यात गुरुजी ग्रुपवर आले. रिटायर झालेत आता. आल्या आल्या एका जुन्या डिस्कचा फोटो टाकला आणि खाली नियमाप्रमाणे लिहिलं: "मोटारसायकलवरून आपटली. चूक माझी. अजिबात फिरत नाही. काही होण्यासारखं आहे का?" सगळ्यांनी भरभरून सल्ले दिले. आतली मोटार जाम झाली असेल, उघडू नका, नाद सोडा. एकानं तर फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं. मी वाचत होते. सगळे शहाणे चुकीच्या दिशेला चालले होते, कारण त्यांना पहिलं वाक्यच चुकीचं मिळालं होतं. आणि गुरुजी म्हणाले, शेवटचं विचारतोय, नाही म्हणालात तर भंगारात देऊन टाकतो.

भंगार हा शब्द वाचला आणि माझ्याच्यानं राहवेना. भाजी गॅसवर होती, ती बंद केली आणि ओट्याला टेकून लिहिलं: "हात मी लावला होता. मागचा व्होल्टेजचा लाल स्विच पुसताना चुकून सरकला, मी मशीन चालू केलं, आवाज झाला. मी गप्प बसले. गुरुजींची चूक नाही." पाठवलं आणि फोन पिठाच्या डब्यावर पालथा घातला. दोन मिनिटांत आळेफाट्याच्या भाऊंचा व्हॉइस मेसेज आला, म्हातारे झालेत पण आवाज तोच: "अवो वहिनी, हे आदी न्हाई का सांगायचं! व्होल्टेजनं गेली असंल तर डिस्क मेलीच न्हाई! बोर्डावर एक बारका डायोड असतो, जादा व्होल्टेज आलं की त्यो शॉर्ट व्हतो आन बाकीच्याला वाचवतो. त्यो काढून बघा आदी!" इतकं सोपं, आण्णा. तेवढं एक वाक्य कमी पडत होतं.

गुरुजींचा फोन दुपारी आला. मी म्हणाले, "गुरुजी, रागवा. काय बोलायचं ते बोला." मग ते म्हणाले, "आई गेली तवा मी तिच्या पायावर डोकं ठिवून सांगितलं व्हतं, तुजं समदं मी खड्ड्यात पाडलं म्हनून." मला रडू आवरेना. माफी मागायला तोंड उघडलं तर तेच म्हणाले, "रविवारी ये ताई. आण्णांचा तपासायचा मीटर असंल तर घिऊन ये." फोन ठेवला त्यांनी. माफ केलं की नाही, ते मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही नक्की कळलेलं नाही.

काल गेले. स्टुडिओवाल्यांनी जुनी डिस्क यूएसबीला जोडायची वायर दिली होती. गुरुजींच्या पडवीत, डब्यातल्या लाडवासारखी फडक्यात गुंडाळून ठेवलेली ती डिस्क. तुमच्या मीटरच्या वायरींना तुम्ही गुंडाळलेली लाल टेप आता चिकट झालीय, हाताला लागते. डायोड तांदळाच्या दाण्याएवढा. टोकं टेकवली, मीटर वाजला. उलटी करून टेकवली, तरी वाजला. दोन्हीकडून वाजला म्हणजे शॉर्ट! मला ओरडावंसं वाटलं, पण तुमची आठवण झाली आणि म्हणाले, "अजून माहीत नाही, गुरुजी." कापून काढला तो. वायर लॅपटॉपला जोडली. आधी काहीच नाही, आणि मग फिरणाऱ्या डिस्कचा बारीकसा सूर चढत चढत गेला. गुरुजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय.

फाइल उघडली तर सगळी वेडीवाकडी चिन्हं! त्या काळचा मराठी फॉन्ट, आताच्या मशीनला कुठला कळायला? पण तो फॉन्ट मी बरोबर नेला होता. तुमची सीडी, वर तुमच्या अक्षरात "मराठी फॉन्ट – टाकू नये" असं लिहिलेली. नाही टाकली. फॉन्ट घातला आणि पान सरळ झालं. गुरुजी चष्मा पुसून वाचायला लागले, अगदी आईच्या हेलात: "रायभोग. ह्यो पावन्याला. घरात शिजला तर शेजारी इचारतो, कोन आलंय." तिथे थांबले. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मग सुनेला हाक मारली, "चहा टाक गं, आई बोलायला लागली." एकशे बारा पानं आहेत. काल आम्ही नऊ वाचली.

तर हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खड्डा नव्हता, तुमचा सल्लाही नव्हता. वास खरा होता. हे कागदावर लिहितेय खरी, पण नेऊन टाकू कुठे? घडी करून तुमच्या मीटरच्या डब्यात ठेवीन, बस्स.

एक राहिलं मात्र. ग्रुपवर मी लिहिलं, पुसताना चुकून सरकला. गुरुजींनी ते मानलं. आळेफाट्याच्या भाऊंनी मानलं नसणार, कारण तो स्विच कसा असतो ते त्यांना माहीत आहे, पण बिचारे काही बोलले नाहीत. तो आत खोल बसवलेला असतो. फडक्याने सरकत नाही. टोक घालून ढकलावा लागतो. मी तुम्ही दिलेल्या टेस्टरचं टोक घातलं होतं, आण्णा. एका बाजूला २३० लिहिलं होतं, आपल्याकडच्या विजेचं, दुसऱ्या बाजूला ११५. मला बघायचं होतं, काय होतं ते.