डॉक्टरांनी मागितलेला फोटो

ग्रेटा,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. डॉक्टरांकडे अडीचची वेळ आहे. पुलावर बर्फ जमलाय, दीडलाच नीघ. ती रात्रीची क्रीम या आठवड्यात लावली असशील तर त्यांना तसं सांग. मुरुमांच्या व्रणांवर लेसर, सुया की कातडी सोलणारं औषध, तूच ठरव, सव्वीसची झालीस. खोल खड्ड्यांसाठी कातडीखाली सुई घालून ती आतून सुटी करतात म्हणे. मला ऐकवत नाही, पण तू नीट ऐकून घे.

व्रण कसे बदलत गेले ते बघायला त्यांनी जुने फोटो मागितलेत ना? काल सगळा खोका उपसला. सातवी ते बारावी, शाळेचे सहा फोटो, आणि सहाही फोटोंत तुझे गाल लोण्यासारखे. फोटोच्या फॉर्मवर ‘डाग पुसून हवेत’ अशी चौकट असायची. दरवर्षी मीच तिथे खूण करायचे. तुला एकदाही विचारलं नाही. नाताळच्या कार्डांवर छापायच्या फोटोंतही तेच.

तुझं भलंच करतेय असं वाटायचं गं. तू मात्र त्यातला एकही फोटो खोलीत लावला नाहीस.

मी सोबत येणार होते. खोटं कशाला बोलू, आजची ड्यूटी मी मागून घेतली. डॉक्टरांना हे कोणत्या तोंडाने सांगू?

पाकिटात एक फोटो ठेवलाय. आजोबांनी तळ्यावर काढलेला. हातात मासा धरून तू हसतेयस, गालांवरच्या फोडांसकट. तो तिथे ठेवून येऊ नकोस. माझ्या लेकीचा घरात तेवढा एकच फोटो आहे.

आई