पितळी मापाचे बूड

मी, व्यंकटेश प्रतापसिंह मोहिते, वय एकाहत्तर, राहणार वेलचेरी, चेन्नई, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातला निवृत्त तपासनीस, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मनही ठिकाणावर असते, तर हा कागद सोळा वर्षांपूर्वीच लिहिला असता.

१. फ्लॅट आणि बँकेतील ठेव मुलगी सौम्या हिला. गाडीची जागा शेजारी नारायणस्वामी यांना एक दिवसही वापरू देऊ नये. पुरात त्यांनी माझी गाडी उतारावर ढकलून स्वतःची वर चढवली होती.

२. मोजमापाची सर्व उपकरणे माझ्या हाताखाली शिकलेल्या शरण्याला. मोजण्यात ती माझ्याहून प्रामाणिक आहे.

३. आता बंदूक. वडिलांची ठासणीची बंदूक परवान्यासह माझ्या नावावर आहे. दर आयुधपूजेला श्रीपेरुंबुदूरला, धाकटा भाऊ शहाजी याच्या अंगणात, गोळी न घालता तिचा एक बार उडवायचा ही आमची रीत. शहाजी वडिलांच्या पितळी मापाने एक माप दारू भरायचा, माझी पत्नी विजयालक्ष्मी आरती घेऊन माझ्या बाजूला ठरलेल्या फरशीवर उभी राहायची, आणि चाप मी ओढायचो.

नळी बेचाळीस इंची. फ्लॅटच्या कपाटात मावेना, म्हणून मी ती परवानगीवाचून बारा इंच कापली. घरी सांगितले, तोंडाशी गंजली होती. मग मित्राच्या शेतावर गोळी घालून यंत्राने वेग मोजला, तर तो कापण्याआधीच्या मोजणीहून सेकंदाला सव्वाशे फुटांनी घटलेला. लांब नळीत जळत्या दारूचा जोर गोळीला जास्त वेळ ढकलतो, आखूड नळीत तेवढा वाव नसतो. हे कळत असूनही मी हट्टाला पेटलो. दीडपट दारू मावेल इतके मापाचे बूड आतून कोरले. वेग थोडा परतला, दीडपट काही झाला नाही, कारण जादा दारू नळीबाहेर येऊन जळत होती. तो जाळ मी डोळ्यांनी पाहिला. तरी शहाजीला मापाचे सांगितले नाही. तो हसला असता.

त्यानंतरच्या पहिल्याच, २००९ च्या आयुधपूजेला त्याने नेहमीसारखे एक माप भरले. विजयालक्ष्मी नेहमीच्याच फरशीवर होती. पूर्वी नळीचे तोंड तिच्या पुढे जायचे, आता ते बारा इंच मागे, तिच्या चेहऱ्याशेजारी होते. जन्म मोजण्यात घालवलेल्या माणसाच्या हे ध्यानात आले नाही. तिचा डावा डोळा गेला.

मी सगळ्यांदेखत ओरडलो, "शहाजी, दोन मापं घातलीस!"

तो म्हणाला, "अण्णा, देवाच्यान एकच घातलों."

कोणी मानले नाही. विजयालक्ष्मी मरेपर्यंत त्याच्या हातचे पाणी प्याली नाही, आणि मी शेजारी बसून त्याच्या बेपर्वाईला माना डोलावत राहिलो. चोर तो चोर, वर शिरजोर. मला माझीच लाज वाटते.

४. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी. नळी कापण्याचा गुन्हा माझा, असे लिहून द्यावे. माप शहाजीला द्यावे.

५. माझ्यामागे हा कागद आयुधपूजेला सर्व नातलगांसमोर मोठ्याने वाचावा. तोंडाने सांगण्याची माझी छाती झाली नाही. दुसरा साक्षीदार म्हणून शहाजीलाच बोलावले आहे. त्याने वाचावे म्हणून, की न वाचता सही करील म्हणून, हे माझे मलाच सांगता येत नाही.

वेलचेरी, चेन्नई
१४ सप्टेंबर २०२५
(सही) व्यं. प्र. मोहिते

साक्षीदार (दोघांच्या सह्यांवाचून कागद ग्राह्य नाही):

१. (सही) नारायणस्वामी. यांना मराठी वाचता येत नाही, म्हणूनच बोलावले.

२. शहाजी प्रतापसिंह मोहिते. सही नाही. त्याच्या हातचा मजकूर:

"अण्णा, सगळें वाचलों. वहिनी गेली तेव्हां मी दाराबाहेर बसलों होतों, कोणी आंत ये म्हटलें नाही. तूं गेल्यावर हें वाचून मजला काय मिळेल, पा? येत्या आयुधपूजेला सगळ्यांपुढें तूंच वाच. मग सही करतों."